वस्तुमान आणि आकारमानावरून घनता कशी काढावी : काटा, पाणी आणि एक भागाकार

घनता म्हणजे पदार्थाच्या एकक आकारमानात सामावलेले वस्तुमान. सूत्र एका ओळीचे आहे : घनता = वस्तुमान ÷ आकारमान. हे सूत्र शाळेत सर्वांचे पाठ झालेले असते. पण हातात एखादा दगड, नाणे किंवा तेलाची बाटली देऊन ‘याची घनता काढा’ असे सांगितले की बहुतेक जण अडतात, आणि ते भागाकारापाशी नव्हे, तर आकारमानापाशी अडतात. वस्तुमान काट्यावर थेट वाचता येते. आकारमान मात्र वस्तूच्या आकारानुसार, तिच्या सच्छिद्रतेनुसार, ती पाण्यात विरघळते की तरंगते यानुसार वेगवेगळ्या वाटांनी शोधावे लागते. घनतेच्या उत्तरात जी चूक येते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर शिरते. म्हणून या लेखात सूत्रापेक्षा आकारमानाच्या मोजणीला जास्त जागा दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागेल. बोलताना आपण ‘वजन’ म्हणतो आणि काट्यावर ग्रॅम किंवा किलोग्रॅम वाचतो. ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. भौतिकशास्त्रातले वजन हे बल असून ते न्यूटनमध्ये मोजतात. घनतेच्या गणितात काट्यावरचा ग्रॅममधला आकडा जसाच्या तसा वस्तुमान म्हणून घ्यावा, त्याला ९.८ ने गुणू किंवा भागू नये.

एकके आधी जुळवून घ्यावीत

मेट्रिक पद्धतीत घनता प्रामुख्याने दोन रूपांत लिहिली जाते. प्रयोगशाळेत आणि घरगुती मोजणीत ‘ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर’ सोयीचे पडते, तर बांधकाम, इंधन आणि अभियांत्रिकीत ‘किलोग्रॅम प्रति घनमीटर’ वापरतात आणि एसआय पद्धतीचे अधिकृत एककही तेच आहे. या दोहोंतले नाते पक्के लक्षात ठेवावे : १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर. पाण्याची घनता एका एककात १ आणि दुसऱ्यात १,००० येते, एवढे आठवले तरी रूपांतराची दिशा चुकत नाही.

चूक होते ती घन एककांत. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० घन सेंटिमीटर असे घाईत लिहिले जाते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचे रूपांतर होते, त्यामुळे १०० ला तीन वेळा गुणावे लागते आणि १ घनमीटर म्हणजे १०,००,००० घन सेंटिमीटर येतात. त्याच न्यायाने १ घन सेंटिमीटर म्हणजे १० नव्हे, तर १,००० घन मिलिमीटर. द्रवांच्या मापांत १ मिलिलिटर म्हणजे तंतोतंत १ घन सेंटिमीटर आणि १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर. ही दोन नाती हाताशी असली की भांड्यावरच्या खुणा आणि पट्टीवरचे आकडे एकाच भाषेत येतात.

माझा आग्रह असा की वस्तुमान आणि आकारमान लिहितानाच त्यांच्यापुढे एकक लिहावे आणि भागाकाराच्या प्रत्येक पायरीत ते सोबत न्यावे. ग्रॅमला मिलिमीटरच्या घनाने भागले जात असेल तर ते कागदावर लगेच दिसते. नुसते आकडे लिहिले तर उत्तर हजारपटीने चुकले तरी डोळ्यांना कळत नाही.

१ लिटर पाण्याचे वस्तुमान जवळपास १ किलोग्रॅम असते, हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक एकके ठरवताना ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्याच्या आधारे केली गेली होती, आणि १७९९ मध्ये तयार झालेला प्लॅटिनमचा किलोग्रॅम पाणी सर्वांत दाट असताना, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला, केलेल्या मोजणीवर बेतलेला होता. आजची व्याख्या वेगळी आहे, पण त्या निवडीचा फायदा आपल्याला रोज मिळतो : पाणी हेच आपले फुकटात मिळणारे प्रमाण माप आहे. तापमान वाढले की पाण्याची घनता थोडी उतरते; २० अंशांना ती ०.९९८२ आणि ३० अंशांना ०.९९५७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. घरगुती मोजणीत हा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेला फरक बहुधा दुर्लक्षिता येतो.

साधने आणि त्यांची पारख

एक डिजिटल वजनकाटा, एक खुणांचे मोजपात्र, बारीक दोरा आणि पट्टी एवढ्यावर काम सुरू होते. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमपर्यंत वाचतो. दागिन्यांसाठी मिळणारा लहान काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचतो, पण त्याची क्षमता बऱ्याचदा काही शे ग्रॅमपुरतीच असते. कोणता काटा घ्यायचा हे वस्तूच्या आकारावर ठरते. मुठीएवढ्या दगडाला पहिला पुरतो, नाण्याला किंवा अंगठीला दुसराच लागतो.

मोजणीला लागण्यापूर्वी पाण्याचीच घनता काढून पाहावी. रिकामे, कोरडे मोजपात्र काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, त्यात १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि पुन्हा वाचावे. काचेच्या पात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला आणि मध्ये खोलगट असतो. खूण वाचायची ती त्या खोलगट भागाच्या तळाशी, आणि डोळा त्याच पातळीवर आणून. वरून वाकून पाहिल्यास आकडा जास्त दिसतो. उत्तर ९९ ते १०१ ग्रॅमच्या दरम्यान आले तर काटा आणि पात्र एकमेकांशी जुळतात असे समजावे. ९५ किंवा १०५ आले तर दोहोंपैकी एक खोटे बोलत आहे. बहुतेक वेळा ते स्वस्त प्लॅस्टिकचे मोजपात्र असते. ही पारख टाळून पुढे गेल्यास पुढचे प्रत्येक उत्तर तेवढ्याच प्रमाणात चुकते.

नियमित आकाराची वस्तू

इष्टिकाचिती, घन, वृत्तचिती, गोल अशा आकारांचे आकारमान भूमितीच्या सूत्राने निघते. भाजलेल्या विटेचे उदाहरण घेऊ. प्रमाणित मॉड्युलर वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची असते, म्हणजे आकारमान १,५३९ घन सेंटिमीटर. अशी एक वीट काट्यावर २,७७० ग्रॅम भरली, तर घनता = २,७७० ग्रॅम ÷ १,५३९ घन सेंटिमीटर = १.८० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हेच मीटरमध्ये करायचे तर ०.१९ × ०.०९ × ०.०९ = ०.००१५३९ घनमीटर, आणि २.७७ किलोग्रॅम ÷ ०.००१५३९ घनमीटर = १,८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते हे एकदा स्वतः करून पाहणे फार उपयोगाचे आहे. विटेत हवेची छिद्रे असतात, त्यामुळे ही घनता मातीच्या कणांची नव्हे, तर छिद्रांसकट संपूर्ण विटेची आहे; बांधकामात भिंतीचा भार काढताना नेमकी हीच लागते.

वस्तू नियमित दिसते म्हणून सूत्र चालेलच असे नाही. २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे, ३.७९ ग्रॅम वस्तुमानाचे आणि सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे आहे. कडेपाशी त्याची जाडी सुमारे १.४५ मिलिमीटर भरते. त्रिज्या ११ मिलिमीटर धरून वृत्तचितीच्या सूत्राने आकारमान ५५१ घन मिलिमीटर, म्हणजे ०.५५१ घन सेंटिमीटर येते आणि घनता ६.९. पण या जातीच्या स्टेनलेस स्टीलची घनता ७.७ च्या आसपास असते. गणितात चूक नाही. चूक नाण्याच्या कडेत आहे. नाण्याची कड उचललेली असते आणि कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत धरून जाडी मोजायचे साधन, त्या उंचवट्यावर टेकतो, आतला भाग मात्र तेवढा जाड नसतो. आपण जिथे धातू नाही ती जागाही धातूची म्हणून मोजली, म्हणून आकारमान फुगले आणि घनता घसरली.

अनियमित वस्तू : पाणी सारून मोजणे

पाण्यात पूर्ण बुडलेली वस्तू स्वतःच्या आकारमानाएवढेच पाणी सारते. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, वस्तू सोडावी आणि पातळी किती चढली ते पाहावे. चढलेली पातळी म्हणजे वस्तूचे आकारमान. वरचेच नाणे असे मोजायला गेल्यास मोठी अडचण दिसते. १०० मिलिलिटरच्या पात्रावर साधारणतः दर मिलिलिटरला एक खूण असते, आणि एका नाण्याने पाणी जेमतेम अर्धा मिलिलिटर चढते. वाचनातली चूक आणि मोजायची गोष्ट एकाच मापाच्या झाल्या तर उत्तराला अर्थ उरत नाही.

यावर उपाय म्हणजे एकाच मालिकेची नाणी पुष्कळ घेणे. २० नाण्यांचे वस्तुमान ७५.८ ग्रॅम. पाणी ५० वरून ६० वर गेले, तर आकारमान १० मिलिलिटर आणि घनता ७.६, पण वाचनात अर्धा मिलिलिटर इकडेतिकडे झाला तर उत्तर ७.२ ते ८.० यांत कुठेही असू शकते. ४० नाणी घेतली, म्हणजे १५१.६ ग्रॅम, आणि पाणी १९.५ मिलिलिटर चढले, तर घनता ७.८, आणि तेवढ्याच चुकीने ती ७.६ ते ८.० या पट्ट्यात राहते. मोजलेला फरक जेवढा मोठा, तेवढी त्याच चुकीची झळ कमी. यातूनच उत्तरात किती अंक लिहावेत हेही ठरते. गणकयंत्र १५१.६ ÷ १९.५ चे उत्तर ७.७७४३५८९ असे दाखवेल. त्यातले पहिले दोन अंक आपल्या मोजणीतून आले आहेत, उरलेले केवळ भागाकारातून. ७.८ लिहून थांबावे.

नाणी काचेच्या पात्रात वरून टाकू नयेत, तळ फुटतो आणि पाणी उडून कमी होते ते वेगळेच. पात्र तिरपे धरून एकेक नाणे घसरू द्यावे. सपाट नाणी एकमेकांवर बसताना त्यांच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेही पाणी सारतात, म्हणून आकारमान जास्त दिसते. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब मिसळावा, पात्र हलकेच टिचकावे आणि बुडबुडे वर आल्याची खात्री करून मगच वाचन घ्यावे.

अधिक चांगली पद्धत : काट्यावरच आकारमान वाचणे

आर्किमिडीजच्या तत्त्वाचा थेट उपयोग करणारी एक पद्धत आहे आणि नवशिक्याने तीच आधी शिकावी असे मला मनापासून वाटते, कारण तिला मोजपात्र लागतच नाही. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवावे आणि काट्याचा आकडा शून्य करावा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून, दोरा हातात किंवा आडव्या काडीला धरून, पाण्यात पूर्ण बुडेल अशी सोडावी. ती तळाला किंवा बाजूला टेकू द्यायची नाही. काट्यावर आता जो ग्रॅमचा आकडा दिसेल, तोच घन सेंटिमीटरमधले आकारमान.

असे का होते हे समजून घेतले की पद्धतीवर विश्वास बसतो. पाणी बुडलेल्या वस्तूला वर ढकलते. हे बल सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढे असते. वस्तू पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलते आणि ते बल भांड्यातून काट्यावर पोचते. वस्तूचे उरलेले वजन दोऱ्याने, म्हणजे आपल्या हाताने, पेललेले असते. म्हणून काटा केवळ सारलेल्या पाण्याचे वस्तुमान दाखवतो, आणि पाण्याच्या १ ग्रॅमला जागा १ घन सेंटिमीटरच लागते. वस्तू तळाला टेकली तर मात्र तिचे उरलेले वजनही काट्यावर येते आणि आकडा एकदम उडी मारतो. ती उडी दिसली की दोरा थोडा वर घ्यावा.

सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, एक तुकडा घेऊ. कोरडा असताना तो २४६ ग्रॅम भरला आणि पाण्यात लोंबकळताना काट्याने ८५ ग्रॅम दाखवले. घनता = २४६ ÷ ८५ = २.८९, म्हणजे २.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घट्ट, भरीव बेसॉल्टची घनता साधारण २.८ ते ३.० असते, तेव्हा उत्तर जागेवर आहे. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूंची भोके असलेला तुकडा निवडला तर आकडा कमी येईल, आणि तोही खराच असेल. रुपयाचे एकच नाणे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर याच रीतीने मोजले तर आकडा ०.४९ च्या आसपास येतो आणि ३.७९ ÷ ०.४९ = ७.७. कॅलिपरने ६.९ आणि मोजपात्राने धूसर येणारे उत्तर इथे एका नाण्यातून मिळते.

करताना दोन सवयी ठेवाव्यात. बरेच घरगुती काटे मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात, म्हणून दोरा बांधून सर्व तयारी झाल्यावरच शून्य करावे. तसेच वस्तू एका ओघात बुडवावी; फार सावकाश सोडल्यास काही काटे ती सूक्ष्म वाढ ‘शून्य सरकले’ असे समजून पुसून टाकतात.

सच्छिद्र, तरंगणाऱ्या आणि विरघळणाऱ्या वस्तू

कोकण-गोव्यातला जांभा दगड पाण्यात सोडला की बुडबुडे सुटू लागतात आणि काट्यावरचा आकडा क्षणाक्षणाला उतरत जातो, कारण पाणी छिद्रांत शिरत असते. अशा वेळी आधी कोरडे वस्तुमान घ्यावे, मग दगड दिवसभर पाण्यात भिजत ठेवावा, बाहेर काढून ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसावा आणि नंतर लोंबकळता मोजावा. छिद्रे आधीच भरलेली असल्याने आता आकडा स्थिर राहतो आणि तो छिद्रांसकट संपूर्ण दगडाचे आकारमान दाखवतो. कोरडे वस्तुमान या आकारमानाने भागले की चिऱ्याची घनता मिळते. भिजल्यानंतरचे वस्तुमान भागाकारात घेऊ नये.

तरंगणारी वस्तू, जसे लाकूड किंवा मेणबत्ती, दोऱ्याने बुडत नाही. ती बारीक सुईने किंवा तारेने पाण्याखाली दाबून धरावी. पृष्ठभागाखाली जेमतेम गेली की वाचन घ्यावे. इथे काट्याचा आकडा वस्तूच्या वस्तुमानाहून मोठा येतो, आणि तसाच यायला हवा, कारण तिची घनता १ पेक्षा कमी आहे.

खडीसाखर, तुरटी, मीठ हे पदार्थ पाण्यात विरघळतात. त्यांच्यासाठी पाण्याऐवजी तेल वापरावे आणि काट्यावरचा आकडा तेलाच्या घनतेने भागून आकारमान काढावे. दोऱ्यावर धरलेली खडीसाखर या प्रयोगासाठी आयती सोयीची, दोरा तिच्यात आधीच असतो. ५० ग्रॅमच्या खड्याने तेलात २९ ग्रॅम दाखवले आणि तेलाची घनता ०.९१ असेल, तर आकारमान = २९ ÷ ०.९१ = ३१.९ घन सेंटिमीटर, आणि घनता = ५० ÷ ३१.९ = १.५७. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ आहे, १ ग्रॅमचा काटा वापरून एवढे जवळ येणे समाधानकारक आहे.

द्रवांची घनता

द्रवाला पात्राचाच आकार येतो, म्हणून काम सोपे वाटते. रिकामे पात्र तोलावे, ठरावीक खुणेपर्यंत द्रव भरावा, पुन्हा तोलावे आणि वजाबाकी करून भागावे. द्रव मोजपात्रातून दुसऱ्या भांड्यात ओतून मग तोलू नये. तेल किंवा मध पात्राच्या कडांना चिकटून राहतो आणि वस्तुमान कमी भरते.

यापेक्षा नेमके उत्तर अरुंद गळ्याच्या लहान बाटलीने मिळते. बाटली रिकामी २४ ग्रॅम, काठोकाठ पाण्याने भरलेली २७४ ग्रॅम आणि त्याच पातळीपर्यंत तेलाने भरलेली २५२ ग्रॅम असेल, तर पाणी २५० ग्रॅम आणि तेल २२८ ग्रॅम. आकारमान दोन्ही वेळी एकच, म्हणून २२८ ÷ २५० = ०.९१२ ही तेलाची सापेक्ष घनता झाली. तिला एकक नसते. खोलीचे तापमान २७ अंश असेल तर पाण्याची घनता ०.९९६५, आणि तेलाची प्रत्यक्ष घनता ०.९१२ × ०.९९६५ = ०.९०९ ग्रॅम प्रति मिलिलिटर. बाटली पाण्यानंतर पूर्ण कोरडी करावी, हे सांगावे लागते कारण तळाशी राहिलेले चार थेंब तिसरा अंक बिघडवतात.

हा आकडा किराणा दुकानात लगेच उपयोगी पडतो. तेलाच्या अनेक पाकिटांवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही छापलेले असते. म्हणजे घनता तिथेच दिलेली आहे. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखे असतात, पण १५ लिटर तेलाचे वस्तुमान १५ × ०.९१ = १३.६५ किलोग्रॅम होते. किंमत ताडून पाहताना दोन्ही डबे आधी एकाच एककात आणावेत, नाहीतर १.३५ किलो तेलाचा फरक नजरेतून सुटतो.

दुधाच्या बाबतीत मात्र घरच्या काट्याची मर्यादा ओळखावी. दुधाची घनता १.०३ च्या आसपास असते. २५० मिलिलिटर दूध २५७.५ ग्रॅम भरेल, आणि त्यातले दहा टक्के काढून पाणी घातले तर २५६.७५. पाऊण ग्रॅमचा हा फरक १ ग्रॅमच्या काट्याला दिसत नाही. म्हणूनच डेअरीत तरंगणारा लॅक्टोमीटर वापरतात. त्यावर २८ वाचले तर घनता १.०२८. त्यातही एक खोच आहे : पाणी घातल्याने घनता उतरते, तर साय काढल्याने चढते, आणि दोन्ही केले तर आकडा ठीक दिसू शकतो. म्हणून घनतेसोबत फॅटही तपासतात.

पेट्रोल पंपावर लिहिलेली घनता ७४५ सारखी तीन अंकी दिसते, कारण ती किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणि १५ अंश सेल्सिअसला आणून दिलेली असते, ०.७४५ ग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे तेच. बीएस-६, म्हणजे भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाच्या, पेट्रोलसाठी ही मर्यादा ७२० ते ७७५ आहे. दुपारच्या उन्हात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी खुणांची नळी, थेट बुडवून वाचलेला आकडा फलकावरच्या आकड्याहून कमी येणे स्वाभाविक आहे; तापमान मोजून तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढल्यावरच तुलना करावी. पंपावर ही तपासणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. ती तिथेच करून घ्यावी, पेट्रोल घरी आणून तोलू नये.

उलट दिशेने : घनतेवरून वस्तुमान

घनता माहीत असली की वस्तुमान = घनता × आकारमान. गच्चीवर १,००० लिटरची टाकी बसवायची तर १ घनमीटर × १,००० = १,००० किलोग्रॅम, म्हणजे एक टन पाण्याचा भार स्लॅबवर येणार, टाकीचा वेगळा. वाळू आणि खडी आपल्याकडे अजूनही ब्रासमध्ये विकली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १ फूट ३०.४८ सेंटिमीटर धरून ते २.८३ घनमीटर होतात. कोरड्या वाळूची ढिगातली घनता सुमारे १,६०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर एक ब्रास वाळू साधारण ४,५०० किलोग्रॅम, म्हणजे साडेचार टन. ओलसर वाळूचे कण एकमेकांपासून दूर राहून ढीग फुगतो, त्यामुळे तेवढ्याच ब्रासमध्ये वाळू प्रत्यक्षात कमी येते. बांधकाम करणाऱ्याने हे ध्यानात घेऊनच माप घ्यावे.

सोन्याच्या बाबतीत

घनतेने सोने तपासता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. शुद्ध सोन्याची घनता १९.३, तांब्याची ८.९६, चांदीची १०.५ आणि पितळेची साधारण ८.५ असते, २२ कॅरट सोने, त्यात कोणते धातू मिसळले आहेत यानुसार, १७.७ च्या आसपास येते. १० ग्रॅमचे शुद्ध सोन्याचे वेढणे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्यात लोंबकळताना ०.५२ दाखवेल, २२ कॅरटचे ०.५६ ते ०.५७, आणि सोन्याचा मुलामा दिलेले पितळ १.१८ च्या आसपास. पितळ लपत नाही. २४ आणि २२ कॅरटमधला फरक मात्र काट्याच्या शेवटच्या अंकातल्या चार-पाच घरांवर तोललेला असतो, म्हणून मोजणी पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यावी आणि दोऱ्याला चिकटलेला प्रत्येक बुडबुडा काढावा.

खडे जडवलेल्या, पोकळ किंवा आत लाख भरलेल्या दागिन्यांना ही पद्धत लागू पडत नाही. तिथे आकारमानात लाखेचा वाटा मिसळतो आणि अस्सल सोन्याची घनताही निम्म्यावर येऊ शकते. उलट टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला अगदी खेटून. त्यामुळे घनता जुळली नाही तर भरीव, बिनखड्यांची वस्तू शुद्ध सोन्याची नाही असे खात्रीने म्हणता येते. ती जुळली तर फक्त सोन्याची शक्यता शिल्लक राहते, आणि पुढचा निर्णय हॉलमार्कवर व सराफाच्या चाचणीवर सोपवावा लागतो.